चेहरा, पुसायचं, फारसी

रुमालवाल्याच्या दुकानात गेलेलं माणूस नुसता रुमाल घेऊन कधी परत आलं नाही. स्वतःच्या गळ्यात बांधलेल्या रुमालाचं टोक चिमटीत धरून तो सुरू व्हायचा, "शब्द फारसी आहे बरं का! रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा." गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सुटका नसे. गल्ल्यावरची बायको कपाळावर हात मारून घ्यायची. "अहो, आधी रुमाल द्या, वंशावळ नंतर!"

एका सकाळी शटर वर करताना तो कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार विस्कटलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, घरातल्या वस्तू दाखवून रोज नावं विचारत जा. चमचा जमला, कंगवा जमला. रुमाल तर हा झोपेतही सांगेल, असं बायकोला वाटलं. तिने त्याच्याच गळ्यातला सोडून समोर धरला.

"हे काय?"

"चेहरा," तो म्हणाला. "पुसायचं."

"हो, पण नाव?"

तो घामाघूम झाला. "फारसी!"

तिला हसू फुटलं. शब्दाचं कूळ-मूळ शाबूत, शब्दच तेवढा गहाळ. तिने सांगितलं, तो "हां हां" म्हणाला आणि घटकेत पुन्हा विसरला.

तिचा जीव मात्र भलतीकडेच अडकला होता. आईवडील गेले, भाऊ गेला. मुलांची ती आई, गल्लीची काकू. तिला नावाने हाक मारणारा आता हा एकटाच उरला होता. म्हणून तो प्रश्न ती रोज टाळत आली होती. आज तिने धीर केला.

"आणि मी? मी कोण?"

त्याचा चेहरा उजळला. "निळा. वडिलांसाठी. घासाघीस... फार! परत आलीस. रंग गेला म्हणून. भांडलीस." डाव्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं. "तिसऱ्यांदा... काही घ्यायचंच नव्हतं."

हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. लबाडाला तेव्हापासून ठाऊक होतं तर!

"आणि नाव?"

त्याचे ओठ हलत राहिले. आवाज फुटेना. नाव सांगून टाकावं, तर ती त्याची हाक झाली नसती. तिचे गाल ओले झाले, तोंड फिरवायचंही तिला सुचलं नाही.

त्याने तिच्या मांडीवरच्या रुमालाकडे बोट दाखवलं.

"चेहरा," तो म्हणाला. "पुसायचं."