चुलीवरची बोटं

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी गोदावरीकाठच्या एका उत्खननावर स्वयंसेवक म्हणून गेले. खड्ड्यात बसून खुरप्याने माती हलकेच खरवडायची, एवढंच काम. एका सकाळी घट्ट मातीचा उंचवटा लागला. मी तो उचकटणार, तेवढ्यात शेजारी काम करणाऱ्या, गावातल्याच कौसाबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा ताई, चूल हाय ती."

"कशावरून?"

"ही बोटं बघा की. लिंपताना अशीच उठत्यात."

खरंच, मातीत चार बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांनी येऊन पाहिलं. हजारो वर्षांपूर्वीची असावी, म्हणाले. कौसाबाईंनी त्या खुणांवर आपली बोटं धरून पाहिली. "हात बारीक हाय. नवी नवरी असंल." मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण त्यात असा कुणाचा हात कधी आला नव्हता.

चुलीचे फोटो निघाले, मोजमापं घेऊन झाली. मग सर म्हणाले, "आता काढा. खालचा थर बघायचाय." खाली जायचं तर वरचं मोडावंच लागतं, हे मला माहीत होतं. तरी हात पुढे होईना.

"द्या इकडं," कौसाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि एकेक तुकडा सोडवून पाटीत ठेवत गेल्या. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण घाई करा असं काही म्हणाले नाहीत.