गोधडीचं वजन

"एवढी जड झाली व्हय गं माझी गोधडी तुला?" माय ओसरीतून ओरडली. शपथेवर सांगतो, त्या आवाजानं डोंगरकडा गावची केळी झाडावरच पिकली असतील. समोर माझी भावजय सुमन, उघड्या बॅगेपुढं गुडघे टेकून, हातात गोधडी, डोळ्यांत पाणी. अन् वजनकाट्याशी मी, नुकताच देवळातून आल्यासारखं तोंड करून.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, पण जरा आडवाटेनं येऊ द्या.

धाकटा दत्ता बायको-लेकीला घेऊन जर्मनीला निघाला होता, कायमचा. हट्टा गावातल्या आमच्या घराचा नुसता बाजार झाला. कूलर कुणाला, पलंग कुणाला, तिकडच्या भिंतीत प्लग बसत नाही म्हणून मिक्सर कुणाला. हळद पिशवीत पिशवी घालून बांधली, तरी दत्ताचे सदरे पिवळे. येणारा म्हणायचा, "भेटायला आलो," अन् नजर फ्रिजवर. शेजाऱ्यानं तर फ्रिज असा न्याहाळला की आतलं दूध नासलं! मला सगळ्यांचाच संशय. पण सगळ्यांत जास्त — सांगू? — मायचा.

माय दार लोटून नातीसाठी गोधडी शिवायची. मी आत गेलो की सुई थांबायची. काहून थांबायची? अन् त्याच दिवसांत तिच्या गळ्यातली बोरमाळ दिसेनाशी झाली. विचारलं, तर "ठेवली हाय" एवढंच. कुठं ठेवली? मला गोधडीच्या टाक्याटाक्यात सोन्याचा मणी दिसायला लागला. धाकट्याला सोनं अन् थोरल्याला म्हातारपणाची औषधं... स्वतःच्या मायबद्दल असं मनात यायचं. यायचं, खरंच.

आता मी कोण? वसमतच्या मोंढ्यात हळद तोलणारा मापाडी. जांभई देणाऱ्याचं वजन त्याचं तोंड मिटायच्या आत सांगतो. म्हणून बॅगा तोलायचं काम माझंच. काटाही मीच आणला. विमानवाले जास्तीचं वजन घेत नाहीत, हे दत्तानं बजावलेलं. बॅग मोठी, काट्याबाहेर लोंबणारी; खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. अन् मी — हो, आलोच आता तिथं — पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर ठेवला. दाबला. मोंढ्यात हे कधी केलं नाही म्हणतो मी. किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

"बसत न्हाई," मी म्हणालो. "काढा काहीतरी."

सुमननं स्वतःच्या साड्या काढल्या. मी पुन्हा दाबला. तिनं कुकर काढला. पुन्हा दाबला. शेवटी तिचा हात गोधडीवर गेला, अन् मायनं नेमकं तेवढंच पाहिलं.

"आत्याबाई, काटाच तसा दाखवून राहिला. मी काय करू?"

"काट्याचं नाव नको सांगू. तुला माझ्या हातचं नको!"

सगळी आळी ऐकत होती. मी नुसता अंगठा उचलायचा होता. का नाही उचलला? निघताना मायनं त्यांच्या हातावर दहीसुद्धा ठेवलं नाही. हैदराबादला जाणारी गाडी तशीच गेली.

मग मी दार लावून गोधडी उसवली. सगळी. आत मायच्या लुगड्यांचे पदर, बाबांचं धोतर, नातीचं बारशाचं झबलं. मणी एकही नाही. ओबडधोबड टाके घालून ती पेटीत टाकली. बोरमाळ? ती तुटली होती. सोनाराकडून गाठून आली, तेव्हा मायनं ती माझ्याच बायकोच्या गळ्यात घातली. मी आत गेलो की सुई का थांबायची, ते मला अजून माहीत नाही.

माय आजही सुमनशी बोलत नाही. फोनमधून नात "आजी, आजी" करते अन् माय उठून परसात जाते. मी फोन धरून बसतो.

ते निघाले त्याच संध्याकाळी विमानतळावरून सुमनचा फोन आला होता. "दादा, बॅगा लई हलक्या भरल्या हो. गोधडी आरामात बसली असती. आत्याबाईला तेवढं सांगा, रागावू नका म्हणावं."

माय उंबऱ्यात उभी होती. "काय म्हणून राहिली ती?"

"पोचलो म्हणती," मी म्हणालो.