तळ्याला दवाई

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही — म्हणजे माझ्या नवऱ्याला — नागपूरच्या बहिणीला नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा मन त्या जागी आलं की मी पटकन पुढचं स्तोत्र सुरू करते. मग तुम्हाला काहून सांगून राहिले? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं असेल.

सुरुवात किड्यांपासून करू द्या.

गढा या हिंदी मुलखातल्या वस्तीच्या टोकाला आमचं घर आणि मागे तळं. गल्लीत त्याला तला म्हणतात. त्यात हल्के भैया शिंगाडा लावायचे, त्यांच्या वडिलांपासूनचं काम. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, वेल उचलायचा, खालचे शिंगाडे तोडायचे. मी तीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली. मी रिटायर झाले, पण माझं नाक काही झालं नाही. आई म्हणायची, झाकलेलं भांडं दिसलं की या पोरीचे हात शिवशिवतात. अजून शिवशिवतात.

तर दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, गच्चीवर कपडे वाळत घालताना लक्षात आलं की पाण्यावर पळणारे ते लांब पायांचे किडे नाहीत. एकही नाही. काय झालं असेल? आठवड्याभरात काठावर गोगलगायी मरून पडल्या. मग बेडूक गप्प झाले. भाद्रपदात बेडूक गप्प — तुम्हीच सांगा, चैन पडेल? मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुतल्या आणि दर गुरुवारी तळ्याचं पाणी भरून आणू लागले. शाळेतल्या लिटमसच्या पट्ट्या घरी उरल्या होत्या. आमच्या बाजूला पट्टी जेमतेम रंग बदलायची. पण पलीकडे, पिवळ्या घराची नाली उतरते तिथे बुडवली, की लालभडक. वासही होता, नेलपॉलिश पुसायच्या बाटलीला असतो तसा.

त्या पिवळ्या घरात तीन भाडेकरू आले होते. गल्लीत सांगायचे, दवाई का काम है. निळे ड्रम यायचे, खिडक्यांना आतून कागद, पंखा दिवसभर हवा बाहेर फेकायचा. दवाई! आता हा शब्द पाहा. खोकल्याची पण दवाई, उंदीर मारायची पण दवाई, नशेची पण दवाई. गल्लीला वाटलं, खोकल्याचं औषध करून राहिले असतील. मीही आधी तेच धरून चालले. पण घरामागच्या कडुनिंबाखाली ते पांढरा ओला गाळ ओतायचे, आणि झाड त्या बाजूने वाळत गेलं. खोकल्याच्या औषधाने कडुनिंब वाळतो होय? वास, ऍसिड, कागद लावलेल्या खिडक्या असं एकेक जुळवत दसऱ्याच्या सुमारास मला कळलं. नशेची पावडर बनत होती, आणि तिचं उरलंसुरलं सगळं तळ्यात येत होतं.

कळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, तेही सांगते. आनंद झाला. कोडं सुटलं ना! वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

भीती नव्हती का? होती. त्यातला एक जण येताजाता मला नमस्ते करायचा. पण भीतीच्या पदराआड लपायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे. नाव न सांगता कुठेतरी फोन करता आला असता. तो मी केला नाही, कारण मला पुढच्या गुरुवारची बरणी हवी होती. आधी मासे जातील की पानं? वेलाच्या मुळाशी किती उतरत असेल? एवढं एकदा पाहू, मग सांगू — असं दर गुरुवारी. दसऱ्यानंतरच्या एकादशीला हल्के भैयांनी दरवर्षीसारखे पहिले शिंगाडे आणून दिले, तर म्हटलं, ऍसिडिटी झाली आहे, राहू द्या. उपासाला दुकानातून पीठ आणलं. त्यांच्या तळ्याचे शिंगाडे बाजारात गेले. कोणी घेतले, कोणाच्या लेकरांनी खाल्ले, हे मात्र मी कधी शोधलं नाही. एवढी चौकस बाई, पण तेवढं नाही शोधलं.

इथवर आले. आता ते सांगते.

एका सकाळी हल्के भैया मागच्या दाराशी आले. लुंगी गुडघ्यावर घेतली आणि पाय दाखवले. पोटरीपासून मांडीपर्यंत कातडी लाल, जागोजागी फोड. वेलाची पानं कडेने जळाल्यासारखी झाली होती, शिंगाडे आतून पोकळ निघत होते. त्यांनी विचारलं, "बहनजी, आप तो पढ़ी-लिखी हो. जे दवाई वालों का पानी आ रहा है का हमाए तला में?"

पाहा, त्यांनी बरोबर तेच विचारलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नहीं भैया. तला बीमार है. इसको तो दवाई लगेगी."

कशी जिभेवर आली ही चलाखी? त्यांचाच शब्द उचलला आणि उलटा करून त्यांच्या हाती दिला. वर चुन्याची पिशवी आणून दिली, सांगितलं की पाण्यात उतरून, पिवळ्या घराच्या बाजूला जास्त, नीट शिंपडा. चुन्याने पट्टीचा रंग बदलतो का, ते मला पाहायचं होतं. ते चार दिवस उतरले, त्याच पायांनी. मी गच्चीवरून पाहून राहिले होते. रंग थोडा बदलला. तेही वहीत आहे.

पुढे हिवाळ्यात ड्रमांची गाडी कुठेतरी रस्त्यात पकडली गेली आणि पोलीस मागोवा काढत पिवळ्या घरापर्यंत आले. तिघांना नेलं. घराला सील लागलं. पाणी तिथेच राहिलं. गल्लीभर एकच बोलणं, इतके महिने नाकासमोर चाललं आणि कोणाला कळलं कसं नाही? मी पण मान हलवली. म्हटलं, खरंच हो, कोणालाच कळलं नाही.

त्या वर्षापासून तळ्यात वेल नाही. हल्के भैयांचे पाय बरे झाले, पण काळे पडले, आणि जास्त वेळ उभं राहवत नाही. आता विजय नगरच्या एका कॉलनीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात. शिंगाडा लावणारा माणूस, आणि दिवसभर कोरड्यात. बरण्या माझ्या कोठीत आहेत, कैरीच्या लोणच्यामागे, तारखा घातलेल्या. यांना वाटतं त्यात व्हिनेगर आहे.

गेल्या महिन्यात हल्के भैया पुन्हा मागच्या दाराशी आले. हातात शिंगाड्याची पिशवी, दुसऱ्या कोणाच्या तळ्याचे, माझ्या एकादशीसाठी विकत आणलेले. विचारत होते, येत्या पावसाळ्यात वेल टाकू का? मी पट्टी घेऊन गेले, तिन्ही बाजूंना बुडवून पाहिली आणि या खेपेला खरं सांगितलं, की अजून नाही, आणखी काही वर्षं नाही. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "आपने चूना दओ तो, बहनजी. आप न होतीं तो हमें को बताउतो?" म्हणजे, चुना तुम्हीच दिला होता, तुम्ही नसता तर आम्हाला कोणी सांगितलं असतं?

मी पिशवी घेतली. शिंगाडे उकडले, मीठ लावून खाल्ले. गोड होते.