व्याह्यांची चाल

मंडळी, आज नजरबादेत आमच्या अक्काचं लग्न झालं. जेवणानंतर मांडवात राजवाड्यातल्या गौरम्माचा नाच होता. हल्ली पाहुणे पदाला जांभया देतात, म्हणून मीच तिला म्हटलं होतं, "थोडं हसव."

पदातली बायको रात्रभर वाट पाहते आणि नवरा पहाटे घरी येतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जात होती आणि दर खेपेला गौरम्मा नवऱ्याचं नवं सोंग दाखवत होती. लोक हसत होते. मग ती पोट पुढे काढून, घड्याळाची साखळी चाचपत, मिशीला पीळ देत चालली.

हसणं थांबलं. ही चाल महाराजांच्या रिसाल्यातल्या आमच्या व्याह्यांची होती.

ते उठून उभे राहिले. मृदंग थांबला. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, माझ्याकडे पाहिलं.

"कुणाची नक्कल गं ही?" व्याह्यांनी विचारलं.

गौरम्माने हात जोडले. "पदातल्या नवऱ्याची, स्वामी. पहाटे घरी येतो ना, त्याची. आपल्या ओळखीचा आहे का?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी मोठ्याने हसलं. विहीणबाई होत्या.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "आता तो काय सबब सांगतो, ते बघू तरी!"

सारा मांडव हसला. व्याही बसले. त्यांनी ना गौरम्माकडे पाहिलं, ना बायकोकडे. ते अक्काकडे पाहत राहिले.

दिवेलागणीला तिची पाठवणी केली. आता ती त्यांच्या घरी पोचली असेल.

माझ्या जागी तुम्ही असता, तर हसला असता?