कोपरापर्यंतचे हातमोजे

आठवीत शाळा सोडली आणि हिमाचलातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागलो. मालकांनी मला घरच्यासारखं ठेवलं. त्याचंच दडपण जास्त.

मालकांकडे त्यांच्या वडिलांचे हातमोजे होते, कातड्याचे, कोपरापर्यंतचे, बाहेरून दाट तपकिरी केस. उघड्या जीपमधून बर्फात जाताना वडील ते घालत. मालक दरवर्षी पहिल्या बर्फाला घालायचे. एका अंगठ्याची शिवण उसवली आणि तिथला कुणी मोची शिवायला हात लावेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे बाबा चामडं शिवतात." मालकांनी मोजे टॉवेलात गुंडाळून दिले. सुट्टीला गावी निघालो तेव्हा रेल्वेत मोज्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

देगलूरच्या एसटी स्टँडाबाहेर बाबांचं चपलांचं दुकान. भर मे महिना. शेजारचा चहावाला हसला, "काय रे, अस्वल मारून आलास की काय?"

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत आईनं मोजे पत्र्यावर टाकले होते. दुपारी हातात घेतले तर पापडासारखे कडक.

"घोंगडीला दाखवतो तसं ऊन दाखवलं रे," आई रडवेली झाली.

"आता कोणत्या तोंडानं परत जाऊ?"

"गप बस," बाबा म्हणाले. "नवी वहाण कडक असली तर फेकून देतो का आपण?"

त्यांनी आतून ओलं फडकं भरलं. कातडं जरा सैल पडल्यावर अंगठ्यानं एरंडेल चोळलं, थेंब थेंब. केसाला तेल लागू नये म्हणून आई फणीनं केस बाजूला धरून बसली. दोन दिवसांनी मोजे वळायला लागले. मग बाबांनी आरी घेतली, पण नवं भोक एकही पाडलं नाही. "जुन्या भोकातूनच दोरा घालायचा. म्हातारं कातडं हाय, फाटतंय."

मी मोजे घेऊन हिमाचलात परतलो. हिवाळ्यात पहिला बर्फ पडला. मालकांनी मोजे चढवले, जीपचं स्टिअरिंग गच्च धरलं. मी नुसता अंगठ्याकडं बघत होतो. शिवण हलली नाही. त्यांनी हात नाकाशी नेला. "ये काहे की महक है?"

"एरंडेल, बाऊजी. हमारे दुकान का."

ते मोठ्यानं हसले. "चल, आगे बैठ."

खालच्या टपरीवर त्यांनी चार लोकांना अंगठा दाखवला. "देखो, महाराष्ट्र का काम है."

एरवी चारचौघांत त्यांच्यापुढं माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी फुटला. "देगलूर का, बाऊजी," मी म्हणालो. "मेरे बाबा का."