मधली बदली

आमच्या विहीणबाईंनी आखून दिलेल्या प्रवासात आजवर एकही माणूस मधल्या विमानतळावर राहून गेलेला नाही. हे विधान मी जपून करते आहे, कारण मी यादी केल्याशिवाय मंडईतसुद्धा जात नाही आणि न मोजता काही बोलत नाही. तासगावच्या निम्म्या द्राक्षबागायतदारांची मुलं परदेशात आहेत. त्यांच्याकडे बाळंतपणाला, पदवीदानाला किंवा नुसतंच राहायला जाणारे आईबाप आहेत, आणि या आईबापांना विट्याला किंवा सांगलीला गाडी बदलण्यापलीकडे काही बदलायची सवय नाही. ही सगळी माणसं सकाळी नऊच्या सुमारास तिकिटांचे कागद घेऊन विहीणबाईंच्या ओसरीवर बसलेली असतात. सांगलीच्या विश्रामबागेतला एक तिकीटवाला तर गिऱ्हाइकाला विमानांच्या वेळा सांगून झाल्या की स्वतःच म्हणतो, "पैसे भरायच्या आधी एकदा तासगावला दाखवून घ्या." गल्लीतला डॉक्टर मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो, तसं.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. मी साताऱ्याची, त्या तासगावच्या. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा कॅनडात. विहीणबाईंनी बावीस वर्षं एका द्राक्षाच्या शीतगृहात माल रवाना करायचं काम पाहिलं. पेट्या भरून घ्यायच्या, थंड करायच्या, कंटेनरमध्ये चढवायच्या आणि तो कंटेनर बंदरावर बोटीला लागेपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही. या बावीस वर्षांत त्यांना एक सत्य सापडलं आणि उरलेलं आयुष्य त्यांनी त्याच्यावरच काढायचं ठरवलं आहे. "माल वाटंत कवा खराब हुत न्हाई," त्या सांगतात. "ह्या गाडीतनं त्या गाडीत घालताना हुतोय. उन्हात धा मिनिटं पेटी ऱ्हायली की गेली. माणसाचं तसंच हाय." त्यामुळे विमान ही त्यांच्या लेखी बिनमहत्त्वाची गोष्ट. एकदा बसलं की ते नेतंच. खरा प्रवास दोन विमानांच्या मधे असतो. त्याला त्या कनेक्शन म्हणत नाहीत, कारण कनेक्शन विजेचं असतं. त्या 'बदली' म्हणतात. दोन तासांच्या आतली बदली म्हणजे 'उडी', सहा तासांच्या पुढची म्हणजे 'मुक्काम', आणि या दोहोंच्या मधली ती शहाण्या माणसाची बदली. त्या पहिल्यांदा मुलाकडे जाऊन आल्या तेव्हा मी कौतुकाने विचारलं, "कसा वाटला कॅनडा?" त्या म्हणाल्या, "बरा हाय. पर ते मधलं विमानतळ! लय शिस्तीचं वो." आणि पुढचा पाऊण तास त्यांनी मला फिरत्या पट्ट्यांची, पाट्यांच्या रंगांची आणि संडासापासून गेटपर्यंतच्या पावलांची माहिती दिली. धबधब्याचा उल्लेख चहाचे कप उचलताना आला, तोही "पाणी बरंच हाय" एवढाच.

त्यांचे नियम ठरलेले आहेत. दिवसातल्या शेवटच्या विमानाला बदली ठेवायची नाही. नाडीचे बूट घालायचे नाहीत. कागदांची पिशवी गळ्यात, औषधं हातातल्या पिशवीत, आणि शेंगदाण्याची चटणी पोटातल्या सामानात. पोटातलं म्हणजे विमानाच्या पोटातलं, हे एकदा एका आजोबांना नीट न कळल्यापासून त्या मुद्दाम फोड करून सांगतात. बदलीच्या ठिकाणी उतरल्यावर क्रम असा: आधी पाटी, मग गेट, मग संडास, मग चहा. या क्रमात चहा वर सरकवणाऱ्या माणसाला त्या पुढच्या वेळी वेळच देत नाहीत. आणि पळायचं नाही. पळणं त्यांना मनापासून नापसंत आहे. "पळायला लागलं म्हंजे आखणाऱ्याची चूक," असं त्या म्हणतात, आणि चूक हा शब्द त्या असा उच्चारतात की ऐकणारा ओसरीवर पाय आखडून बसतो.

पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांची त्या सांगलीच्या एसटी स्टँडवर रंगीत तालीम घेतात. तासगावहून गाडीने स्टँडवर उतरायचं, फलक वाचायचा, पाण्याची बाटली भरायची आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या फलाटावरची गाडी वेळेत गाठायची. विहीणबाई चौकशीच्या खिडकीशी घड्याळ घेऊन उभ्या. मधेच त्या फोन करून फलाट बदलतात. वडूजकडचे एक निवृत्त हवालदार बायकोला घेऊन असेच आले होते. तालमीचं नाव काढताच त्यांच्या मिशा हलल्या.

"आवं बाई, मी सियाचीनला राहून आलोय. मला स्टँडवर फिरवताय व्हय?"

"सियाचीनला ऐनवेळी गेट बदलत न्हाई, हवालदार," विहीणबाई म्हणाल्या. "हितं बदलतंय."

हवालदार तरातरा गेले आणि चिठ्ठी न उघडता सवयीने वडूजच्याच गाडीत जाऊन बसले. बायको मात्र चिठ्ठीप्रमाणे इस्लामपूरच्या गाडीपाशी पोहोचून, बाटली भरून, शांत उभी. हवालदारांचा फोन आला तो विट्याहून. "व्हय, चुकलं," ते म्हणाले. "कागद न वाचता बसलासा," विहीणबाई म्हणाल्या. "आता जाताना कागद वैनींच्या गळ्यात." ते जोडपं मेलबर्नला कसं गेलं, तर बदलीच्या ठिकाणी खरोखरच गेट बदललं आणि वैनींनी हवालदारांना दंडाला धरून नव्या गेटवर नेलं. तिथून हवालदारांनी विहीणबाईंना एकच शब्द पाठवला: "सलाम."

एखाद्याला चाकाची खुर्ची मागवून द्यायलाही त्यांची हरकत नसते, पण अट असते. "बसलं की बसायचं. गेटपतूर लंगडायचं आन् दुकान दिसलं की पळायचं, आसलं चालणार न्हाई." आणि माणूस एकदा विमानात बसला की तो उतरेपर्यंत त्या मोबाइलवरचं चिमुकलं विमान बघत असतात. त्यांच्या दिराच्या साठीशांतीला मी हजर होते. गुरुजींचा मंत्र चालू असताना विहीणबाई मागून म्हणाल्या, "उतरली. आता चालत असंल. आता लिफ्ट." गुरुजी थांबले. सगळी मंडळी थांबली. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "गेटवर बसली. चालू द्या." कोण बसली, हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी सगळ्यांना हायसं वाटलं.

माझा आणि त्यांचा खटका उडाला तो माझ्याच तिकिटावरून. मुलीचं पहिलं बाळंतपण, म्हणून आधी मी जाणार हे ठरलेलं. मी सगळ्या विमानांचा तक्ता करून सर्वांत कमी वेळ लागणारं तिकीट काढलं होतं आणि स्वतःवर खूश होते. विहीणबाईंचा फोन आला.

"बदलीला किती मिनिटं?"

"सत्तर."

पलीकडून कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला.

"विहीणबाई, तुमी याद्या लय झ्याक करता," त्या हळूच म्हणाल्या. "त्या यादीत, विमान उशिरा आलं तर काय, आसलं काय लिवलंय का वो?"

लिहिलं नव्हतं. मी तिकीट बदललं, थोडी रागावूनच. आणि मुंबईहून माझं विमान दोन तास उशिरा निघालं. युरोपातल्या त्या मोठ्या विमानतळावर माझ्या शेजारच्या सीटवरचं जोडपं पिशव्या छातीशी धरून धावत सुटलं, आणि मी पाटी, गेट, संडास हा क्रम पाळून शेवटी चहासुद्धा घेतला. मुलीकडे पोहोचल्यावर चौथ्या दिवशी नात झाली. त्या दिवसापासून विहीणबाईंपुढे मी माझ्या याद्या मिरवत नाही.

नात साडेपाच महिन्यांची होईतो मी तिथे राहिले. माझ्या एका मऊ, विटक्या निळ्या सुती साडीचा पदर मुठीत धरल्याशिवाय ती झोपत नसे. माझ्या मागोमाग विहीणबाई येणार होत्या. त्या रोज व्हिडिओवर यायच्या, "आगं माझी बाय ती," म्हणायच्या, आणि तो खणखणीत आवाज ऐकला की नात तोंड फिरवून माझ्या खांद्यात खुपसायची. आम्ही हसायचो. विहीणबाईही हसायच्या, पण मग कामाचं काहीतरी बोलून लगेच फोन ठेवायच्या. ज्या बाईने आख्खा तालुका जगभर पोहोचवला, तिला स्वतःच्या नातीच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. हे माझ्या लक्षात यायला मला तीन आठवडे लागले.

मी सुचवलं, तुम्ही आठवडाभर आधी या, दोघी मिळून राहू, तिला सवय होईल. विहीणबाईंनी ते उडवून लावलं. "जुनी आजी घरात आसताना नव्या आजीकडं कोण यील? त्यापरीस आपण क्रॉसिंग घिऊ." आमच्या पुणे-मिरज मार्गावर एकेरी रूळ होता तेव्हा एक गाडी छोट्या स्टेशनात थांबून समोरच्या गाडीची वाट बघायची, ते क्रॉसिंग. विहीणबाईंनी माझं परतीचं आणि त्यांचं जाण्याचं तिकीट एकाच दिवशी अशा बेताने काढलं की त्याच मधल्या विमानतळावर सकाळी आम्हा दोघींना अडीच तास मिळावेत. "आन् ती निळी साडी हातातल्या पिशवीत ठेवा," त्या म्हणाल्या. "धुऊ नका."

"का हो?"

"तितं सांगते."

मी सात वाजता उतरले आणि ठरलेल्या जागी, म्हणजे माझ्या गेटसमोरच्या पाण्याच्या नळाशेजारी, बसले. आठ वाजले, नऊ वाजले. त्यांचं मुंबईचं विमान उशिरा होतं. त्यांच्या पुढच्या विमानाला धोका नव्हता. तेवढी सोय त्यांनी ठेवलेलीच होती. चुकणार होती ती फक्त आमची भेट. पावणेअकराला माझ्या गेटवर रांग लागली. मी रांगेत न लागता उभीच राहिले, आणि तेवढ्यात त्या लांबलचक दालनाच्या टोकाला स्वेटरवरून पदर खोचलेल्या विहीणबाई दिसल्या. त्या पळत होत्या. पिशवी एका हातात, निऱ्या दुसऱ्या हातात, सरकत्या पट्ट्यावरच्या गोऱ्या माणसांना "सरा की वो" म्हणत.

"साडी," त्या धापा टाकत म्हणाल्या. मी काढून दिली. त्यांनी पिशवीतून द्राक्षाच्या पेटीत अंथरतात ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, साडी आत घातली, गुंडाळत गुंडाळत हवा काढली आणि तोंड घट्ट बांधलं. मग म्हणाल्या, "ह्यात वास टिकतोय. आता न्हाई नेसायची, माझाच वास लागंल. उतरायच्या आदी नेसणार." आणि माझ्याकडे न बघता, अगदी खालच्या आवाजात: "यील का वो ती माझ्याकडं?"

ज्याचं उत्तर आधीच ठाऊक नाही असा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. लग्नात विहिणीच्या मानाच्या साडीसाठी मी साताऱ्यातली चार दुकानं पालथी घातली होती, आणि ती साडी त्यांनी "बरी हाय" म्हणून बाजूला ठेवली होती. ही पाच महिने वापरलेली, दुधाचे डाग पडलेली साडी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"येईल," मी म्हणाले. "कडेवर डावीकडे घ्या. आणि पहिले दोन दिवस जरा हळू बोला."

"हळू?" त्यांनी विचारलं. माझी बदली गेटवरच्या माणसाने शेवटची हाक मारून संपवली.

साताऱ्याला पोहोचून आंघोळ होते न होते तोच मुलीने फोटो पाठवला. निळ्या साडीत विहीणबाई, खांद्यावर नात झोपलेली, मुठीत पदर. मुलीने खाली लिहिलं होतं, "आल्यापासून कुजबुजून बोलतायत. घाबरलो आम्ही." मी तो फोटो तासगावला त्यांच्या घरी पाठवला, शेजारणीला दाखवला, आणि मग दुपारभर घरात नेमकं काय करायचं ते मला सुचेना. आवरायची सगळी कामं यादीत होती, पण एकही मनाला येईना.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता.

"विहीणबाई, आज साडी धुतली बरं का."

"आणि?"

"सकाळधरनं माझ्याच लुगड्यात हाय मी. आली की! हात पसरून आली."

"छान झालं," मी म्हणाले, आणि खरंच छान झालं होतं. विहीणबाईंची आणखी एक बदली कुणाला कळूही न देता सुरळीत पार पडली होती. मागून नातीची बडबड ऐकू येत होती, नवे आवाज काढत होती ती, मी असताना न काढलेले. ते ऐकत मी फोन कानाशी घट्ट धरून बसले.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज अगदी हळू होता. "हाय न्हवं तुमी?"

"आहे," मी म्हणाले. "आहे की."