मोरेश्वरांची जास्वंद

नेपरव्हिलच्या सुनेत्रा काकू तशा प्रेमळ, पण एकदा डूख धरला की संपलं. गेलं वर्षभर तो डूख शेजारच्या पद्मिनीवर होता आणि कारण होतं एक जास्वंद. हसू नका!

ती जास्वंद काकूंचे यजमान मोरेश्वर यांनी फ्लोरिडाहून आणली होती, गाडीच्या मागच्या सीटवर, चक्क बेल्ट लावून. केशरी फूल आणि मधोमध डाळिंबी डोळा. अख्ख्या गावात तसलं दुसरं झाड नव्हतं. थंडीची चाहूल लागली की मोरेश्वर कुंडी बेसमेंटमध्ये नेत, एकेक पान ओल्या फडक्याने पुसत, दिव्याखाली ठेवत आणि वर तिच्याशी गप्पा मारत. "माझ्याशी इतकं बोलला असतात तर!" असं काकू चिडवायच्या. मग मोरेश्वर गेले आणि जास्वंदीशी बोलायचं काम काकूंकडे आलं.

मागच्या हिवाळ्यात बहिणीच्या आजारपणासाठी काकूंना नागपूरला जावं लागलं. इकडे पद्धतच आहे, भारतात जाणाऱ्याने आपल्या कुंड्या मागे राहणाऱ्याच्या घरी ठेवायच्या. जास्वंद पद्मिनीकडे गेली. परत येऊन बघतात तर काय, कुंडीत नुसती काळी काडी!

"पांढरी माशी लागली होती हो काकू, म्हणून गराजमध्ये ठेवली," पद्मिनी म्हणाली. "माझ्या झाडांना लागली असती ना. जाऊ द्या, झाडच तर होतं."

झाडच तर होतं! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी तिला चहा पाजला. पण मनात म्हणाल्या, थांब, तुझीही कुंडी येईल माझ्या दारात.

आलीच. यंदा दिराच्या लग्नासाठी पद्मिनी पुण्याला निघाली आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच कुंड्या घेऊन हजर झाली. कढीपत्ता, मोगरा, गवती चहा आणि एक जास्वंद.

"हिच्या कळ्या मी काढून टाकल्यात, शिफ्ट करताना झाडाला त्रास नको," ती म्हणाली. "सांभाळाल ना, काकू?"

"अगं, आण की! परकी का आहेस?"

काकूंचा बेत साधा होता. एखादा आठवडा झाडं बेसमेंटमध्ये उबेला ठेवायची, व्हिडिओ कॉलवर दाखवायची आणि पहिली कडक थंडी आली की सगळी बिनहीटरच्या गराजमध्ये. "झाडच तर होतं" हे पुढचं वाक्य तर पद्मिनीनेच शिकवलं होतं. थंडीचा इशारा आला त्या सकाळी काकू हातमोजे घालून, दात-ओठ खात खाली उतरल्या. कढीपत्ता उचलला. आणि मागच्या जास्वंदीकडे लक्ष गेलं.

पानाआड राहिलेली एक कळी दिव्याच्या उबेने उमलली होती. केशरी. मधोमध डाळिंबी डोळा.

काकू जिन्यावरच बसल्या. म्हणजे या बयेने आधी मोरेश्वरांच्या झाडाच्या फांद्या कापून आपल्यासाठी रुजवल्या आणि मग मूळ झाड थंडीत मारलं! "चोरटी! बेशरम!" काकू एकट्याच ओरडल्या, मग फुलाला गाल लावून ढसाढसा रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी कढीपत्ता जागेवर ठेवला आणि कात्री आणली.

झाडाचा प्रत्येक जोमदार शेंडा त्यांनी कापला. खालची पानं काढली, टोकं मुळं फुटायच्या पावडरीत बुडवली, दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावली, वरून पिशव्या चढवल्या आणि सगळे डबे गरम मॅटवर मांडले. पुण्याहून फोन आला, "काकू, झाडं बरी आहेत ना?"

"मस्त! जास्वंद जरा छाटली गं. फुटवा चांगला येतो."

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मोरेश्वर गेल्यावरही काकूंनी ते बंद केलं नव्हतं. नुकतीच परतलेली पद्मिनी नवी पैठणी नेसून आली. तिळगूळ झाला, आणि काकूंनी वाण लुटायला काढलं. प्रत्येकीच्या हातात एकेक डबा आणि डब्यात कोवळी पानं फुटलेलं रोपटं. मधे टेबलावर पद्मिनीचीच कुंडी होती आणि तिच्यावर टपोरं केशरी फूल.

"ही आमच्या मोरेश्वरांची जास्वंद," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, मेली. पण आपल्या पद्मिनीने आधीच कटिंग घेऊन जपली होती, मलासुद्धा न सांगता! तिचे आभार मानावेत तेवढे थोडेच."

सगळ्या पद्मिनीकडे वळल्या. त्यांच्यातल्या रुचाने फुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं पण तू तर म्हणाली होतीस ऑनलाइन मागवली! मी कटिंग मागितलं तर म्हणालीस, पेटंट आहे, देता येत नाही!"

कुणीतरी फिसकन हसलं. पद्मिनीचा चेहरा कुंकवाइतका लाल झाला. "काकू, मी… मी सांगणारच होते…"

"हो ना गं, सांगणारच होतीस." काकूंनी तिला हळदीकुंकू लावलं आणि सगळ्यात लहान डबा तिच्या हातात ठेवला. "कढीपत्ता, मोगरा, गवती चहा, तुझं सगळं हिरवंगार आहे, घेऊन जा. ही कुंडी मात्र इथेच राहील. तुला हे वाण. आणि पांढरी माशी लागली तर गराजमध्ये ठेवू नकोस हं, झाड मरतं."

काकू तिच्याकडे पाठ करून टेबलापाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत जास्वंदीला म्हणाल्या, "आलीस ना घरी? बस आता."